नोईचा दोरा

नोई आमच्या गल्लीत होती तोवर एकाही घरची पपई झाडावर पिकली नाही. पपई हिरवी, टणक असतानाच ती दारात येऊन हात जोडून उभी राहायची. तिचं हात जोडणंही आपल्यासारखं छातीपाशी नाही, थेट नाकाच्या शेंड्याला बोटं लावून. तसं कोणी मागितलं की नाही म्हणवत नाही. मग संध्याकाळी मेश्रामांच्या घरामागून खलबत्त्याचा आवाज सुरू व्हायचा. कच्च्या पपईचा कीस, हिरव्या मिरच्या, सुकट, लिंबू, गूळ, सगळं त्यात कुटायचं आणि त्यातलं वाटीभर माझ्याकडे आणून द्यायचं. खाल्लं की माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ती समोर उकिडवी बसून मोठ्या समाधानानं विचारणार, "पी रेखा, जेवलं का?"

पी म्हणजे मोठी बहीण. 'जेवलं का' म्हणजे मात्र काहीही. सकाळी नळावर भेटली तरी जेवलं का, भर दुपारी कपडे वाळत घालताना दिसली तरी जेवलं का. तिच्या देशात माणूस भेटलं की हेच विचारतात म्हणे. एकदा गल्लीत मयत झाली, तिथंही तिनं त्या घरच्या बाईचा हात धरून हळूच हेच विचारलं. मागं उभ्या असलेल्या बाया पदराआड हसल्या. मला विचाराल तर त्या दिवशी त्या बाईला तेवढा एकच कामाचा प्रश्न कोणी विचारला होता.

आता पपया पिकतात, खाली पडतात, पाखरं खातात. नोईला जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्या वरठीत आजही तिचा विषय निघाला की लोक चटकन म्हणतात, "ते ना, पोट्टीले टाकून गेली." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण असं म्हणणारे बहुतेक सगळे त्या दिवशी मेश्रामांच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. मी शिवणकाम करते, ब्लाउज शिवते, मुलींना शिकवते. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण मेश्रामांची आणि माझी भिंत एकच आहे. त्या भिंतीतून जेवढं कळतं तेवढं मला माहीत आहे, आणि ते पुष्कळ आहे.

मेश्रामकाका रेल्वेत होते. वरठीचं स्टेशन, ज्याच्या पाटीवर भंडारा रोड लिहिलं आहे, तिथंच त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धार्थ पोलादाच्या कामातला. तो थायलंडला तसल्याच एका कारखान्यात नोकरीला गेला, तिथल्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या नोईशी त्यानं लग्न केलं, आणि पुढं इकडे काकूंचं ऑपरेशन निघालं तेव्हा बायको आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन तो कायमचा परत आला. गोंदिया आमच्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. जिल्हा अर्धा राहिला म्हणून लोक अजून चुकचुकत होते, मेश्रामांचं घर मात्र वाढलं होतं.

परदेशी सून म्हटल्यावर कोणी नाक मुरडलं असेल असं तुम्हाला वाटेल. उलट झालं. काका स्टेशनपासून चौकापर्यंत ज्याला त्याला थांबवून सांगत होते, "बुद्धाच्या देशातली सून आणली माह्या पोरानं. आपल्याले छप्पन साली धम्म भेटला. त्यायच्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या हाये."

विहारात तिचा सत्कार ठेवला. पांढरं पातळ नेसवलं. नोईनं मूर्तीपुढं गुडघे टेकले आणि तीनदा कपाळ जमिनीला लावलं, इतक्या सावकाश की सगळा विहार गप्प झाला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मग ते माईकवर गेले आणि म्हणाले, आजपासून आमच्या सुनेचं नाव सुजाता. टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईनं खूण केली म्हणून नोईनंही वाजवल्या. आपलं नाव काढून घेतल्याच्या टाळ्या स्वतःच वाजवणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. मुलीचं तिकडचं नाव फा, म्हणजे आकाश. तिची त्याच माईकवर संघमित्रा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताबाईंनी अंगणाच्या कोपऱ्यात विटेवर एक वाटी भात, एक फूल आणि पेलाभर लाल सरबत ठेवलं आणि हात जोडले. काका दात घासत होते.

"हे काय होय वं?"

तिला तेव्हा मराठीचे मोजके शब्द येत. तिनं जमिनीकडे बोट दाखवलं. "जागा मालक."

नवीन घरात राहायला गेलं की त्या जागेच्या राखणदाराला आधी विचारायचं, त्याला खाऊपिऊ घालायचं, अशी त्यांच्याकडची रीत. काकांच्या कपाळावर आठी पडली, पण ती घरात नवीनच होती. त्यांनी चूळ भरली. "या जागेचा मालक मी हावो. सातबाऱ्यावर माहं नाव हाये. आण इकडं," असं म्हणून पेला उचलला आणि सरबत पिऊन टाकलं. मी भिंतीवरून पाहत होते. आम्ही सगळे पोट धरून हसलो, नोईसुद्धा. हा किस्सा काका पुढं कित्येक वर्षं सांगत. किस्सा मजेदार होता यात वाद नाही. पण त्या दिवसापासून विटेवर काही ठेवलं गेलं नाही, आणि हे नोईला न रागावता, हसत हसत कळवण्यात आलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या जिभेला हाड नाही असं होईल. काका वाईट माणूस नव्हता. माझ्या नवऱ्यानं मला दारू पिऊन घराबाहेर काढलं, तेव्हा चार लोकांच्या बैठकीत माझ्या बाजूनं बोललेला माणूस तोच. "बाईले विचारल्याबिगर बाईचं काही ठरवाचं नाही," हे त्यांचं तेव्हाचं वाक्य. त्याच वाक्याच्या जोरावर मी आज माझ्या घरात राहते. वस्तीतल्या पोरींना त्यांनी शाळेत बसवलं, अंगात येणाऱ्या बायांना दवाखान्यात नेलं. दुष्ट माणसाचा राग करणं सोपं असतं हो. ज्याचे उपकार आहेत त्याचा राग आला की तो जाता जात नाही.

आणि सिद्धार्थ? तो घरात "हो बाबा" म्हणायचा, घराबाहेर "हो नोई" म्हणायचा. मुलगा वाईट नव्हता. त्याच्याबद्दल मला एवढंच सांगता येतं.

नोईचं मूल वाढवणं गल्लीला बघायला गंमत होती. दिवसातून दोनदा आंघोळ, मग चेहऱ्याला इतकी पांढरी पावडर की फा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसे. कोणी लाडानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला की नोई आतल्या आत आक्रसायची; त्यांच्यात दुसऱ्यानं डोक्याला हात लावायचा नसतो. आमच्याकडे तर मुलीला पाहिलं की पहिला हात डोक्यावरच जातो. लोक गेले की नोई मुलीचे केस सावकाश विंचरून द्यायची. दुपारी तिला कापडानं पाठीशी बांधून तांदूळ निवडायची आणि गाणं म्हणायची. नाकात म्हटल्यासारखं, वर जाऊन हळूहळू खाली येणारं. माझी मशीन मी त्या वेळी बंद ठेवत असे.

फा तेव्हा फक्त आईची भाषा बोलायची. गल्लीतल्या बाया तिला मुद्दाम बोलतं करायच्या आणि चिमणी चिवचिवते म्हणून हसायच्या. काकूंना ते आवडेना. तसा त्यांचा नातीवर जीव, पण नात काय म्हणते ते समजेना. त्यात बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की घरात दोन भाषा झाल्या की लेकरू तोतरं होतं. झालं. काकांनी घरात नियम केला, मुलीशी मराठीतच बोलायचं.

"माय काहून नाही बोलनार आपल्या लेकराशी?" मी काकूंना विचारलं.

"थोडे दिवस वं," काकू म्हणाल्या. "एकदा मराठी पक्की झाली का मंग बोलन ना. आमी का दुश्मन हावो तिचे?"

ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. पुढच्या वर्षी मुलीला इंग्रजी शाळेत घातलं. इंग्रजी आली तर पोरगी हुशार, टीव्हीवरची हिंदी आली तर चालतं, आणि आईची भाषा आली तर तोतरी! हे गणित मला अजून सुटलेलं नाही. नोईनं मात्र चिकाटीनं मराठी शिकून घेतली. क्रियापदं पुढंमागं व्हायची, पण बोलणं आमच्या भंडाऱ्याचं. "काहून", "कायले", "येजो", "जेवजो". मुलीशी त्याच तुटक्या मराठीत बोलायची. ज्या बाईकडे गाणं भरून शब्द होते, तिला स्वतःच्या लेकराशी बोलताना शब्द शोधावे लागत. रात्री फक्त, दिवा मालवला की, भिंतीपलीकडून ते नाकातलं गाणं हळू ऐकू यायचं. काही महिन्यांनी तेही थांबलं. "आई, मराठी म्हन ना," असं फा म्हणाली, तेव्हापासून.

फा पाच वर्षांची असताना ते घडलं. इथल्या पोलादाच्या कारखान्याची पाळी सुटली की आमच्या रस्त्यावर मोटारसायकलींचा लोंढा येतो. त्यातल्या एकाचा धक्का तिला लागला. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासून पाहिलं, घाबरली आहे म्हणाले, होईल बरी. पण पोरगी जेवेना. झोपेतून ओरडत उठायची. ओसरीच्या खांबाला टेकून रस्त्याकडे बघत बसायची, हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

नोई माझ्याकडे दोरा मागायला आली. पॉलिस्टर नको म्हणाली, सुतीच पाहिजे. गोधडीला लागतो तसा जाड पांढरा दोरा माझ्याकडे होता, ते रीळ तिला दिलं. कशाला पाहिजे विचारलं तर तिनं समजावून सांगितलं. माणसाच्या आत एक 'ख्वान' असतं. भूत नाही, देव नाही. ते जवळ असलं की माणूस धड असतो. लेकरू दचकलं, आपटलं की ते सुटून मागं राहतं. मग आईनं त्याला हाक मारून घरी आणायचं आणि पुन्हा जाऊ नये म्हणून मनगटाला दोरा बांधायचा.

"फा पडली. फा घरी आली," ती म्हणाली. "ख्वान तिथंच. रस्त्यावर."

संध्याकाळी तिनं ताटलीत भात आणि उकडलेलं अंडं ठेवलं आणि फाटकात उभी राहून रस्त्याकडे तोंड करून हाक मारू लागली. तिच्या भाषेत, मोठ्यानं. ये, घरी ये, भात वाढला आहे, असं काहीसं असावं. फा ओसरीवर बसली होती. ती उठली. कित्येक दिवसांनी आपणहून उठली, आईजवळ आली, मांडीवर बसली आणि ते अंडं तिनं सगळं खाल्लं. नोईनं तिच्या मनगटाला दोरा गुंडाळला, पुटपुटत गाठ मारली. मी भिंतीशी उभी राहून रडत होते. ख्वान खरं की खोटं मला माहीत नाही. पोरगी जेवली होती एवढं खरं.

तेवढ्यात काका विहारातून आले. ताटली, अंडं, भात, मनगटावर दोरा. आमच्याकडे हे सगळं एकत्र दिसलं की त्याचा एकच अर्थ होतो, उतारा. काकांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते आत गेले, कैची घेऊन आले.

"या घरात गंडादोरा चालत नाही."

नोईनं मुलीचं मनगट मुठीत झाकलं. "नाही, बाबा. तीन दिवस ठेवाचं. मंग सोडाचं. कापाचं नाही. कापलं तर वाईट."

"काय वाईट होते? कोन सांगितलं?" काकांनी कैची उघडली. "माही बहीन दिघोरीत असाच दोरा बांधून मेली. मांत्रिकानं बांधला, अन् बापानं दवाखान्यात नेलं नाही. दोऱ्यानं मेली ते!"

नोईनं त्यांच्याकडे पाहिलं. "दोऱ्यानं नाही, बाबा. तापानं."

तिच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात नीट मराठी वाक्य होतं, आणि त्यालाच काय ते माफी मिळाली नाही. काकांनी तिची बोटं बाजूला केली आणि दोरा कापला. फा बघत होती. सिद्धार्थ दारात उभा होता, तो म्हणाला, "जाऊ दे नोई, बाबांचं ऐक." कापलेला दोरा नोईनं उचलून घेतला. त्या बहिणीचं दुःख काकांनी आयुष्यभर जपलं होतं, ते मला कळतं. पण त्याची किंमत त्यांनी भलत्याच बाईकडून वसूल केली.

पुढं पौर्णिमेला विहारात परित्राण पाठ झाला. तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, पाठाच्या वेळी पांढरा दोरा सगळ्यांच्या हातांतून फिरवतात, आणि पाठ झाला की भंतेजी तोच दोरा तोडून प्रत्येकाच्या मनगटाला बांधतात. मंगल व्हावं, रक्षण व्हावं म्हणून. त्या दिवशीचा दोरा विहारानं माझ्याकडून नेला होता. नोईनं नेलेलं, आणि उरलेलं परत आणून दिलेलं, तेच रीळ. काकांनी पुढं होऊन हात केला, काकूंनी केला, सिद्धार्थनं केला. फाच्या मनगटाला भंतेजींनी बांधला. नोईनं हात पुढं केला नाही.

घरी येताना तिनं काकांना विचारलं, "बाबा, हा दोरा काहून चालते?"

"हा धम्माचा होय. तो अंधश्रद्धेचा."

"हा पण पी रेखाचा. तो पण पी रेखाचा."

काका चार पावलं पुढं चालू लागले. एरवी वादाला घाबरणारा माणूस तो नव्हे. जेवणाच्या वेळी तिच्याकडे पाठ करून बसू लागले ते तेव्हापासून.

नोई त्यानंतर चिडचिडी झाली, रडकी झाली, असं काही नाही. पपई कुटत राहिली, जेवलं का विचारत राहिली. फक्त ती फाच्या बाबतीत घाईत असल्यासारखी दिसे. शाळेतून आणताना वाटेत एखादा शब्द, पाण्याला काय म्हणतात, चंद्राला काय म्हणतात, आणि मुलगी आजूबाजूला कोणी ऐकत तर नाही ना हे बघत चालायची. सात वर्षांची झाल्यावर एकदा शाळेच्या फाटकातून नोईनं "फा!" अशी हाक मारली. मैत्रिणी हसल्या. मी तिथं शेजारच्या मुलीला आणायला गेले होते. फा तरातरा आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "माहं नाव संघमित्रा हाये. किती डाव सांगू तुले?"

"बरं," नोई म्हणाली आणि तिचं दप्तर खांद्याला लावलं.

त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. तिकडे दुसरं कोणी करणारं नव्हतं. नोईनं सिद्धार्थला सांगितलं की मी वर्षभर जाते आणि फाला नेते. आजीनं नातीला दोन वर्षांची असताना पाहिलं होतं, त्यानंतर दर उन्हाळ्यात 'पुढच्या उन्हाळ्यात' असं सांगून झालं होतं. सिद्धार्थ तिला हो म्हणाला. मग बापाला हो म्हणाला. मग काकांनी अंगणात खुर्च्या मांडल्या आणि विहारातली चार वडीलधारी माणसं बोलावली, मलाही बोलावलं. त्यांना हे चोरीछुपे करायचं नव्हतं. त्यांना न्यायानं वागायचं होतं, हेच तर दुखणं.

"आपन जबरदस्ती करनारे लोक नाही," काका म्हणाले. "पोरगी कोनाची मालमत्ता नाही. तिले विचारा, अन् ते म्हनन तसं करू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी ते वाक्य ओळखलं. माझ्या वेळी त्यानं माझं घर वाचवलं होतं.

आठ वर्षांच्या फाला मध्ये उभं केलं. काकांनी अगदी मायेनं विचारलं, "बाई, मायसोबत तिकडं जाशीन का इथं राहाशीन? भेवाचं नाही. खरं सांगाचं."

फानं आधी आईकडे पाहिलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. "तिथं मले कोनाचं बोलनं समजत नाही," ती म्हणाली. "माह्या मैत्रिनी इथं हायेत. मी नाही जात."

"पाहा," काका म्हणाले. त्यांचा आवाज जिंकल्याचा नव्हता. आपण योग्य केलं याचं समाधान मात्र त्यात होतं, आणि ते मला जास्त झोंबलं.

नोई उभी राहिली. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "आज विचारलं. बरोबर," ती म्हणाली. "बोलू नोको म्हटलं, तवा विचारलं नाही."

खुर्च्या उचलून माणसं घरी गेली. हीच माणसं आता म्हणतात की ती पोरीला टाकून गेली.

वर्षाची दोन वर्षं झाली, दोनाची चार, आणि ती आलीच नाही. तिची आई अंथरुणावर पडून राहिली. सिद्धार्थ एकदा जाऊन आला, एकटाच परत आला. तिचा दर रविवारी फोन यायचा. भिंतीतून मला फाचं एवढंच ऐकू यायचं, "हाव, जेवली." मग "हाव." आणि फोन काकूंकडे. हळूहळू रविवार चुकू लागले. आता फा नागपूरला कॉलेजात आहे. तिला इंग्रजी छान येतं, आणखी एक परदेशी भाषा शिकते आहे म्हणे. कोणती ते मी विचारलं नाही, कारण आईची नसेल ही भीती वाटते.

पण मला नोई दिसते ती त्या दिवशीची, स्टेशनवरची. नागपूरकडे जाणारी गाडी होती, तिथून पुढं विमान. सिद्धार्थ नागपूरपर्यंत सोबत जाणार होता. काका आले होते, काकू घरीच रडत बसल्या होत्या. फा शाळेच्या गणवेशात होती, कारण तिथून तिला शाळेत सोडायचं होतं. फलाटावर काकांना जो तो नमस्कार करत होता, कोणी "जयभीम मेश्रामसाहेब" म्हणत होतं. त्यांचंच स्टेशन ते.

नोईनं पर्समधून दोरा काढला. आदल्या दिवशी माझ्याकडून नेला होता. ती फापुढं उकिडवी बसली, जशी ती नेहमी बसायची, आणि म्हणाली, "हात दे."

फानं हात पाठीमागं घेतला. "नोको, आई. आबाजी रागावते."

काका दोन पावलांवर उभे होते. त्यांनी तेव्हा नुसतं 'बांध' म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी सिग्नलकडे पाहिलं.

"बरं," नोई म्हणाली. गाडी फलाटाला लागत होती. ती उठली, काकांसमोर गेली, नाकाच्या शेंड्यापर्यंत हात जोडले आणि त्यांना काही समजायच्या आत त्यांचा उजवा हात धरून त्या दोऱ्याचे वेढे त्यांच्याच मनगटाला दिले. पुटपुटत, तिच्या भाषेत. काकांनी हात ओढला नाही. ओळखीची माणसं बघत होती, हिसका देणं बरं दिसलं नसतं. की आणखी काही कारण होतं, मला सांगता येणार नाही. गाठ मारून ती मराठीत म्हणाली, "फा तुमच्याजवळ हाये. तुमी धड राहाचं."

मग मला "पी रेखा, जेवलं का?" म्हणाली. मी हो म्हटलं. मी काही खाल्लं नव्हतं. तिनं फाच्या केसांवरून एकदाच हात फिरवला, डोकं न दाबता, आणि गाडीत चढली. गाडी हलली तेव्हा ती दारात उभी होती, हात जोडलेले, आणि फा हात हलवत होती, जशी पाहुण्यांना हलवतात तशी.

गाडीचा मागचा डबा फलाटावरून बाहेर पडला तेव्हा काका माझ्याकडे वळले. त्यांची डाव्या हाताची बोटं त्या गाठीशी चाळा करत होती.

"कैची हाये का तुह्याजवळ?"

माझ्या पिशवीत कैची नेहमी असते. मी काही बोलायच्या आत फानं आजोबांचा हात धरला.

"कापू नोका, आबाजी," ती म्हणाली. "तीन दिवस ठेवाचा. मंग सोडाचा असते."

गाडीचा मागचा डबा अजून दिसत होता.